चाळिशीला टेकल्यावर रग्बी क्लबची मेंबरशिप घेतली, त्याचा लांबलचक रिव्ह्यू

आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे घाई असलेल्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. घ्या मेंबरशिप. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापलाय तो चेंजिंग रूमचा, खेळाचा नाही, खाली सविस्तर सांगते.

लिहायचं कारण असं की इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला मी काळानिळा डोळा घेऊन गेले होते, पैठणी आणि वर तो डोळा, आणि फराळापेक्षा डोळ्यावरच जास्त चर्चा झाली. आधी दोघीतिघींनी नवऱ्याकडे संशयाने बघितलं (बिचारा), मग मी रग्बी म्हटल्यावर सगळ्या एकदम "तू???" आणि मग हळूच एकेक जण बाजूला घेऊन विचारायला लागली की किती पैसे पडतात, वयाची अट आहे का, बायकांनाही घेतात का, लागत नाही का. तर ताई, माई, वहिनी, सगळ्यांना एकदाच सांगते.

क्लबचं नाव लिहीत नाहीये. मी चेंजिंग रूमला नावं ठेवणार आहे आणि आमची चेअरमन बाई चांगली आहे, तिला वाईट वाटायला नको. तसंही लेमिंग्टन, वॉरिक, कोव्हेंट्री या पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर क्लब आहेत, कुठलाही घ्या, बऱ्यापैकी असंच असणार. २००८ ला टाटांनी जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पुण्यातून इकडे येणाऱ्या गाडीवाल्या इंजिनिअरांची जी रांग लागली त्यातलंच आमचंही घर, पण इतकी वर्षं आपण इथे राहून आपल्यातलं कोणी त्या फाटकातून आत गेलेलं मी तरी बघितलं नव्हतं. आपण क्रिकेट आणि बॅडमिंटनच्या हॉलमध्येच. रग्बी नावाचं अख्खं गाव गाडीने अर्ध्या तासावर आहे, तिथल्या शाळेत १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या पोराने फुटबॉल खेळता खेळता बॉल उचलून हातात घेऊन धूम ठोकली आणि हा खेळ जन्मला अशी गोष्ट सांगतात, पुरावा धड काही नाही पण शाळेबाहेर पुतळा आहे आणि पुरुषांच्या वर्ल्ड कपच्या ट्रॉफीला नावही त्याचंच. दंतकथा आपल्याला नवीन नाहीत, त्यामुळे मी लगेच मान्य करून टाकली.

मी गेले ती पोरामुळे. रविवारी सकाळी छोट्यांची प्रॅक्टिस असते, अंडर सेव्हन आणि एटची पोरं टॅग रग्बी खेळतात, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लावलेल्या, समोरच्याने फीत ओढली की झालं, अंगाला अंग लागायचं नाही. धरून पाडायचं अंडर नाइनपासून सुरू होतं. तर ही पोरं चिखलात लोळतात आणि आया टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, रबरी बूट घालून कॉफी पीत उभ्या असतात. आता मी काही बुजरी बाई नाही, कराडच्या एसटी स्टँडवर कंडक्टरशी भांडलेली आहे, पण त्या टचलाइनवर मी फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत असल्याचं नाटक करत उभी राहायचे. कोणी वाईट वागत नव्हतं बरं का. हाय, हॅलो, थंडी फार आहे, हो ना, संपलं.

मग क्लबहाउसच्या दारावर इनर वॉरियरचं पोस्टर दिसलं. ही इंग्लंडच्या रग्बी युनियनची, म्हणजे आरएफयूची २०१७ पासूनची स्कीम आहे, ज्या बायकांनी जन्मात बॉल हातात धरला नाही त्यांच्यासाठी क्लब फुकट सेशन घेतात, बूटही लागत नाहीत, साधे ट्रेनर घालून जायचं. मी गेले कारण फुकट होतं आणि तसाही तो तास मी उभं राहूनच काढणार होते.

एक गोष्ट कबूल करते की मी अगदीच कोरी नव्हते. मी कराडची, खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. १९५२ ला हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आलेले खाशाबा ही आमच्याकडे घरातल्या माणसासारखी गोष्ट आहे, प्रत्येकाच्या आजोबांनी त्यांची मिरवणूक बघितलेली असते, खरं खोटं देव जाणे. शाळेत असताना मी कबड्डी खेळायचे, उजवा कोपरा. अंगाने दणकट, त्यामुळे चढाईला कधी पाठवलं नाही, पण घोटा धरला की सुटायची नाही कोणी. बारावीला आईने बंद करायला लावलं, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी, मग लग्न, पुढचं सगळ्यांना माहितीये. वजन वाढलं आणि त्या वजनाबद्दल बोलण्याचा हक्क जगाला मिळाला. साडीवाला, डॉक्टर, आत्या, लिफ्टमधली अनोळखी बाई, सगळ्यांना.

त्या पहिल्या सेशनला कोच बाईने टॅकल पॅड (टॅकल म्हणजे धरून पाडणं, त्याच्या सरावाची जाड गादी) धरला आणि म्हणाली खांद्याने ये. मी गेले. ती मागे बसली, अक्षरशः बसली, चिखलात. आणि उठून तिने जे बघितलं माझ्याकडे ते मी विसरणार नाही, आपल्याकडे चांगला हापूस हातात आल्यावर बायका जसं उलटसुलट करून बघतात तसं. "तू प्रॉप आहेस," म्हणाली. प्रश्न नव्हता.

आता प्रॉप म्हणजे काय ते सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रग्बीत पंधरा जणी असतात, पैकी एक ते आठ फॉरवर्ड, ज्या धक्के देतात, आणि नऊ ते पंधरा बॅक्स, ज्या पळतात आणि केस चांगले ठेवतात (आमच्याकडचा जुना विनोद). बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, पुढे न्यायचा तर स्वतः घेऊन पळा किंवा लाथ मारा. कोणाच्या हातून बॉल पुढे निसटला किंवा असंच काही बारीक चुकलं की स्क्रम होतो, म्हणजे दोन्हीकडच्या आठ आठ जणी वाकून एकमेकींत डोकी घालतात आणि मधे सोडलेल्या बॉलसाठी रेटतात. रेफरी तीन शब्द बोलतो, क्राउच, बाइंड, सेट. वाकायचं, धरायचं, भिडायचं. सगळ्यात पुढच्या तिघी म्हणजे फ्रंट रो, एक नंबर लूजहेड प्रॉप, दोन नंबर हूकर, तीन नंबर टाइटहेड प्रॉप. मी तीन नंबर. लूजहेडच्या डोक्याची एक बाजू मोकळी असते, माझं डोकं मात्र समोरच्या दोघींच्या मधे जातं आणि दोन्ही खांद्यांवर वजन येतं. एका हाताने आपल्या हूकरला कवटाळून धरायचं, दुसऱ्या हाताने समोरच्या प्रॉपच्या जर्सीला पाठीवर पकडायचं. कबड्डीत साखळी धरायचो त्याची मला पहिल्याच दिवशी आठवण झाली, कोपरा आणि शेजारचीचा हात, एकजण ढिली पडली की सगळी साखळी तुटते. इथे फक्त साखळी आठ जणींची आहे आणि समोरून पण आठ जणींची येते.

आणि आता नियम ऐका, कारण माझा सगळा रिव्ह्यू या एका नियमावर उभा आहे. फ्रंट रोमध्ये शिकलेल्याच खेळाडू लागतात. मानेचा मामला आहे, उगाच कोणालाही उभं करता येत नाही. त्यामुळे एखादी प्रॉप आली नाही किंवा जखमी झाली आणि तिच्या जागी शिकलेली दुसरी नसली, तर स्क्रम अनकंटेस्टेड होतो. म्हणजे स्क्रम लागतो पण रेटायचं नाही, ज्यांचा बॉल त्यांनाच मिळतो. मॅच होते, पण वेगळीच होते. एक बाई आली नाही म्हणून दोन्ही टीमचा खेळ बदलतो.

आमच्या टीममध्ये शिकलेल्या टाइटहेड मोजून दोन आहेत आणि दुसरी नर्स आहे, तिच्या शिफ्टा. तर दर आठवड्याला स्पॉन्ड नावाच्या ॲपवर नोटिफिकेशन येतं, रविवारी येणार का, हो की नाही. मी गुरुवारपर्यंत उत्तर दिलं नाही तर कॅप्टनचा मेसेज. शुक्रवारी फोन. एकदा पोराला ताप होता म्हणून "नाही" असं लिहिलं तर अर्ध्या तासात तिघींनी विचारलं, तापाचं काय झालं, औषध आणून देऊ का, आणि (थोडं थांबून) उतरला तर येशील का. मला त्या तिसऱ्या प्रश्नाचा राग यायला हवा होता बहुतेक. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

कारण बघा, या देशात स्वागत सगळीकडे होतं. शेजारी ख्रिसमसला कार्ड टाकतात. ऑफिसात दिवाळीला एचआरचा ईमेल येतो दिव्याचं चित्र लावून. "एकदा या ना घरी" असं लोक म्हणतात आणि तारीख कधीच ठरत नाही, तुम्ही गेलात काय न गेलात काय, त्यांच्या रविवारात काही फरक पडत नाही. मंडळातही, राग मानू नका, मी गणपतीला नाही आले तर कोणीतरी म्हणेल अरे ती दिसली नाही, आणि आरती सुरू होईल. क्लबात मी नसले तर स्क्रम बसत नाही. मला इतक्या वर्षांत इथे पहिल्यांदा कोणालातरी माझी गरज लागली, आणि तीही ज्या अंगाबद्दल लिफ्टमधल्या बायका बोलायच्या त्याच अंगाची. लोक म्हणतात आम्हाला क्लबात आपलेपणा मिळाला, कुटुंब मिळालं वगैरे, मला तो शब्द जरा गोड वाटतो, कुटुंब माझं मला आहे, त्यात पुरेसं भांडण आहे. मला जागा मिळाली. नंबर असलेली, तीन नंबरची.

बरं, आता पैशाचं. आमच्याकडे महिलांची वर्षाची मेंबरशिप दीडशे पौंडाच्या आसपास पडते, महिन्याच्या हप्त्यानेही भरता येते, शिवाय मॅचच्या दिवशी थोडे पौंड वर्गणी, त्याला इथे सब्ज म्हणतात, त्यातून रेफरीचा खर्च आणि मॅचनंतरचं जेवण निघतं. विद्यार्थिनी आणि नोकरी नसलेल्यांना कमी. जिमला मी याहून जास्त भरायचे आणि जायचे नाही. मेंबरशिपमध्ये क्लबचा विमा येतो पण तो मोठ्या, कायमच्या इजांसाठी असतो, बोट मोडलं आणि आठवडाभर पगार बुडला तर त्यातून हाती काही फार लागेल असं समजू नका, हे सही करताना नीट वाचा. बूट, माउथगार्ड, शॉर्ट्स आपल्या आपण घ्यायचे. बूट मी डेकॅथलॉनचे घेतले, त्यांचा ऑफलोड नावाचा रग्बीचा ब्रँड आहे, सुरुवातीला तेवढे पुरतात. प्रॉपने मऊ जमिनीसाठी लांब स्टडचेच घ्यावेत, नाहीतर नोव्हेंबरात स्क्रममध्ये घसरत मागे जाल आणि मागची लॉक, म्हणजे प्रॉपला मागून रेटणारी, शिव्या देईल.

कोचिंगला पूर्ण मार्क. दोन कोच आहेत, दोघं फुकट करतात, एक दिवसा प्लंबर आहे. मला स्क्रममध्ये लगेच घातलं नाही, आधी एकास एक, मग तिघी, मग पाच, मग आठ, मान आणि पाठ सरळ ठेवायचे व्यायाम इतके घेतले की माझी जुनी मानदुखी गेली, अर्थात याची गॅरंटी देत नाही. टॅकलचंही तसंच, आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत. इथल्या सगळ्या क्लब रग्बीत २०२३ च्या सीझनपासून टॅकलची उंची खाली आणलीये, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वर धरलं की पेनल्टी. जुन्या खेळाडू कुरकुरत होत्या, त्यांना वर धरायची सवय. मला काही फरकच पडला नाही, कोपऱ्यावर खेळलेली बाई मी, वर धरायचं कधी शिकलेच नव्हते.

डोक्याला लागलं तर मात्र इथे कडक आहेत आणि ते मला फार आवडलं. नुसती शंका आली तरी बाहेर, परत आत नाही. आणि सरकारी सूचनेप्रमाणे लागल्यापासून २१ दिवसांच्या आत परत मॅच खेळता येत नाही, मधे पायरी पायरीने. माझं एकदा झालं. मला स्वतःला एकदम ठीक वाटत होतं आणि महत्त्वाची मॅच होती आणि स्क्रम अनकंटेस्टेड जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, तरी फर्स्ट एड वाल्या बाईने हाताला धरून बाहेर काढलं आणि कॅप्टनने एक शब्द काढला नाही. मॅच हरलो. मग तीन आठवडे मी टचलाइनवर, परत तीच जागा, पण या वेळी फोन बघायला वेळ नव्हता कारण पाण्याच्या बाटल्या, झेंडा आणि नवीन आलेल्या मुलीला लाइनआउटचे (बाहेर गेलेला बॉल परत आत टाकतात त्याचे) इशारे समजावणं एवढं काम माझ्या गळ्यात घातलं होतं. लागण्याबद्दल खरं सांगायचं तर लागतं. बरगडी दुखते, बोटं सुजतात, डोळा काळा होतो आणि दिवाळी येते. ज्यांना रक्त पातळ करायची गोळी आहे, मानेचं किंवा पाठीचं जुनं दुखणं आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय फिरकू नये. त्यांच्यासाठी टच रग्बी आहे, उन्हाळ्यात, त्यात पाडायचं नसतं, स्पर्श केला की झालं, आणि ते स्त्री-पुरुष मिळून खेळतात.

आता अर्धा मार्क. चेंजिंग रूम. एकच मोठी खोली, शॉवर सामायिक, पडदा नाही, दार नाही, आणि इकडच्या बाया बिनधास्त. मी पहिले कित्येक महिने चिखलासकट घरी जायचे, गाडीच्या सीटवर कचऱ्याची पिशवी अंथरून. कोणी काही बोललं नाही, पण कमिटीला पडद्याच्या एका रॉडसाठी इतके महिने का लागावेत हे मला कळलेलं नाही, पैसे नाहीत म्हणतात आणि बारला नवीन टीव्ही येतो. दुसरी तक्रार, महिलांची मॅच रविवारी, पुरुषांची शनिवारी, त्यामुळे आम्हाला मिळतं ते मैदान आदल्या दिवशी नांगरलेलं. आणि प्रॅक्टिसला दिवे असलेलं मैदान पुरुषांच्या थर्ड टीमला आधी. थर्ड टीम! ज्यांच्यातले अर्धे प्रॅक्टिसला येतच नाहीत. हे सगळं मी मीटिंगमध्ये बोललेय, इथे पाठीमागे बोलत नाहीये.

जेवण. मॅच झाली की यजमान टीमने पाहुण्यांना जेवू घालायचं ही पद्धत आहे आणि ती मला सगळ्यात आपली वाटते, ऐंशी मिनिटं एकमेकींना रेटायचं, मग दोन रांगा करून टाळ्या वाजवत एकमेकींना बाहेर सोडायचं, आणि मग शेजारी बसून जेवायचं. जिच्या खांद्याने माझा डोळा काळा केला तिने मला बटाट्याचे चिप्स वाढले आणि पोरांचे फोटो दाखवले. जेवणाची चव विचारू नका. बहुतेक वेळा सॉसेज आणि चिप्स, किंवा चिली, किंवा एक पिवळा पदार्थ ज्याला करी म्हणतात. व्हेज आधी सांगितलं तर मिळतं, न सांगता गेलात तर चिप्स. मी एका रविवारी घरच्या मॅचला कांदा लसूण मसाला घालून छोल्यांचं पातेलं नेलं, आता दर घरच्या मॅचला तेच मागतात, पाहुण्या टीमही विचारतात, म्हणजे एक काम अंगाला लागलंच. पण ते पातेलं वाढताना मीच त्या टचलाइनवरच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या नवीन बायकांना हाका मारायला लागले, तेही आहे.

दारूबद्दल स्पष्ट सांगते कारण तो प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारत कोणी नाही. पितात. भरपूर पितात. गाणीही म्हणतात, त्यातली काही आपल्या आईसमोर म्हणता येणार नाहीत आणि काहींचे संदर्भ मला अजून लागत नाहीत, सगळ्या हसतात तेव्हा मी अर्धा सेकंद उशिरा हसते. मी पीत नाही. माझ्या क्लबात जबरदस्ती कधी झाली नाही, मला लिंबूपाणी मिळतं, पण सगळ्या क्लबांत असंच असेल असं सांगू शकत नाही, पहिल्या एकदोन वेळेला बघून घ्या. आणि अजून एक खरं, टीममध्ये सावळी मी एकटीच आहे. कोणी वावगं बोललेलं नाही, एका पाहुण्या टीमच्या बाईने क्रिकेट का नाही खेळत विचारलं तेवढंच. पण एकटं असण्याचा एक बारीक शीण असतो, फोटोत स्वतःला लगेच शोधता येतं तो. म्हणूनही लिहितेय, या कोणीतरी. डोक्याला ओढणी किंवा स्कार्फ बांधून खेळता येतं, शॉर्ट्सच्या आत लेगिंग चालते, कपड्यांचं कारण कोणी सांगू नका.

माझं नाव शर्वरी, त्याचं तिथे शर्वो झालंय. आधी वाटलं नाव घ्यायचा कंटाळा, मग बघितलं तर एमिलीचं एमो आणि हॅनाचं हॅनो, म्हणजे जाच सगळ्यांना सारखाच.

गेल्या वर्षी इथेच महिलांचा वर्ल्ड कप झाला, २०२५ चा, त्याने बरंच बदललं. संडरलंडला पहिल्याच मॅचला ४२,७२३ लोक आले. जवळच नॉर्थॅम्प्टनला इंग्लंडने सामोआला ९२-३ ने धुतलं तेव्हा आम्ही बऱ्याच जणी तिथे होतो आणि मी खरं तर सामोआच्या बाजूने ओरडत होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्या, आणि ते तीन पॉइंट मिळाले तेव्हा मैदानात असा आवाज झाला की काय सांगू. फायनल २७ सप्टेंबरला ट्विकनहॅमला, आम्ही मिनीबस करून गेलो, ८१,८८५ माणसं, बायकांच्या रग्बीला एवढी गर्दी जगात कधी झाली नव्हती, इंग्लंड ३३ कॅनडा १३. सगळं स्टेडियम पळणाऱ्या पोरींकडे बघत होतं आणि आम्ही फ्रंट रोवाल्या फक्त स्क्रम बघत होतो. हॅना बॉटरमन आणि सेरा बर्न या इंग्लंडच्या प्रॉप जरूर बघा, यूट्यूबवर आहेत, आणि मग मला सांगा की जाड बाई पळू शकत नाही. वर्ल्ड कपनंतर आमच्याकडे नवीन बायकांचा इतका लोंढा आला की बूट उसने द्यायला कमी पडले. सगळ्या टिकल्या नाहीत. पावसाळी जानेवारीत अर्ध्या गळाल्या, आणि त्यात क्लबचाही दोष आहे, नवीन आलेल्यांना महिनोन्महिने बेंचवर बसवलं तर त्यांची गरज त्यांना कशी कळणार? खालच्या लीगमध्ये गेम ऑनच्या नियमाने दोन्ही टीमनी ठरवून कमी जणींत मॅच खेळता येते, त्याचा वापर करून दोन छोट्या टीम कराव्या असं माझं मत आहे, कोच ऐकतोय थोडं थोडं.

घरचं विचाराल तर नवरा आधी म्हणाला हाडं मोडून घेशील, आता तोच पोराला घेऊन टचलाइनवर असतो आणि रेफरीला मराठीत शिव्या देतो, रेफरीला कळत नाही म्हणून बरंय. आईला व्हिडिओ कॉलवर डोळा दिसला तेव्हा ती पाच मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली कबड्डी बंद केली तेव्हा वाटलं होतं सुटलो. मी तिला पुण्याच्या वाहबिझ भरुचाचा व्हिडिओ पाठवला, डॉक्टर पोरगी, फिजिओथेरपी करते आणि भारताच्या टीमची कॅप्टन होती. आणि २०१९ ची मनिलाची मॅच, आपल्या बायकांनी सिंगापूरला २१-१९ ने हरवलं, पंधराच्या रग्बीतली भारताच्या महिलांची पहिली इंटरनॅशनल जीत, ओडिशाच्या सुमित्रा नायकने शेवटी पेनल्टी मारून. आईने बघितलं, पूर्ण बघितलं, आणि विचारलं, "यात तुझी जागा कुठली गं?" मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवली. म्हणाली, "म्हणजे सगळ्यात खाली." म्हटलं, सगळ्यात पुढे, आई. तिला ते पटलेलं नाहीये अजून.

कोणी घेऊ नये ते पण सांगते. ज्यांचे रविवार मोकळे नाहीत त्यांनी नको, कारण लांबची मॅच असली की अख्खा दिवस जातो. ज्यांना आपल्या सोयीने, मूड असला तर जायचं असेल त्यांनीही नको, जिमला जा, तिथे कोणी फोन करत नाही. आणि ज्यांना फक्त मैत्रिणी हव्यात त्यांनी बुक क्लब बघावा, इथे मैत्रीच्या आधी बरेच महिने चिखल आहे.

बाकीच्यांनी असं करा. प्री-सीझन उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो, तेव्हा जा, जमीन सुकी असते आणि सगळ्याच दमलेल्या असतात त्यामुळे आपण वेगळ्या दिसत नाही. इनर वॉरियरचं सेशन जवळच्या क्लबात आहे का ते आरएफयूच्या साइटवर मिळेल. पहिल्या दिवशी नखं कापून, दागिने काढून, मंगळसूत्र आणि कानातले घरी ठेवून जा, रेफरी अंगावर काहीही चालवून घेत नाही. पाणी आणि एक जास्तीचे मोजे. माउथगार्ड साधा, उकळत्या पाण्यात टाकून दातांनी दाबायचा असतो तो घ्या, आणि ते काम घरीच उरकून या, कारण क्लबात किटली एकच आहे आणि मॅचच्या दिवशी तिच्यासमोर चहावाल्यांची रांग असते.